पुऱ्यांचा धूर

“आज पुऱ्या,” दिघे साहेब म्हणाले, आणि लंगरातल्या सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले.

घोगळे कांदा चिरत होता. त्यानं सुरी खाली ठेवली, हात चड्डीला पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. कॅप्टन दिघे आमच्या पलटणीचे क्वार्टरमास्टर. पिठापासून बुटाच्या नाडीपर्यंत पलटणीला जे लागेल ते आणायचं काम त्यांचं. मी हवालदार महिपती घाडगे. लंगर, म्हणजे पलटणीचं स्वयंपाकघर, माझ्या ताब्यात. त्यांनी आणायचं आणि मी शिजवून घालायचं, अशी आमची जुनी जोडी होती. त्यांना माझ्या आमटीत मीठ जास्त लागायचं आणि मला त्यांच्या तांदळात खडे सापडायचे. एरवी आमचं बरं चाललं होतं.

“सगळ्या पलटणीला?” मी विचारलं.

“सगळ्या.”

कशासाठी, हे विचारायची गरजच नव्हती. फौजेत रोज डाळ, भात, रोटी. पुऱ्या होतात त्या दोनच वेळेला, सणाला नाहीतर हल्ल्याच्या आधी. पुरी दोन दिवस टिकते, खिशात मावते, आणि गोळ्या खाणाऱ्या माणसाला ताटवाटी मांडून बसता येत नाही. हल्ल्याचा हुकूम कंपनीला मागाहून कळतो. तळणाचा वास त्याच्या आधी खंदकापर्यंत पोचलेला असतो. आणि तो डिसेंबर होता एकाहत्तरचा, लढाई सुरू झालेली, तेव्हा सण कसला हे कोणाला विचारायला नको होतं.

आमची पलटण पंजाबात एका नदीच्या अलीकडे खंदक खणून बसली होती. नदीपलीकडे उंच बांध, आणि त्या बांधावर त्यांची दुर्बीण लावलेली माणसं. म्हणून आमचा लंगर कोरड्या कालव्याच्या खड्ड्यात होता. पहाटे धुक्यात चुली पेटायच्या आणि धुकं विरायच्या आत विझायच्या. दिवसा लंगरात कोणी विडी ओढली तरी साहेब त्याला उभा सोलायचे.

“कढया आज वर चढवायच्या,” साहेब पुढं म्हणाले. “त्या पडक्या वीटभट्टीच्या टेकाडावर. दुपार कलली की पेटवा.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “टेकाडावर? दिवसाउजेडी?”

“खाली एवढ्या कढया बसणार आहेत का? आणि टेकाडावर एक खोल खंदक खणून ठेव.” ते माझ्याकडे न बघता बोलत होते. “पीठ मळायला कंपन्यांकडून माणसं माग. संध्याकाळच्या आत ती परत गेली पाहिजेत.”

ते गेले. मी लगेच चार्ली कंपनीला निरोप धाडला आणि नाव घालून एक माणूस मागितला, लान्स नाईक आनंदा फडतरे.

आनंदराव माझ्या धाकट्या बहिणीचे, हौसाचे मालक. वयानं आणि हुद्द्यानं माझ्याहून लहान, पण आमच्याकडे घरच्या जावयाला अरे-तुरे करत नाहीत. फौजेत सगळे माझ्यावर हसायचे, मी लान्स नाईकला ‘अहो आनंदराव’ म्हणतो म्हणून. हसू दे, म्हणायचो. लढाई सुरू व्हायच्या थोडं आधी हौसाला मुलगी झाली होती, आणि तिचं पोस्टकार्ड मीच आनंदरावांना वाचून दाखवलं होतं. आज रात्री पलटण नदी उतरणार असेल, तर हा माणूस पीठ मळत लंगरात थांबावा आणि काही ना काही कारण काढून मी त्याला सकाळपर्यंत इथंच ठेवावा, एवढाच माझा विचार होता. ह्यात मला काही लाज वाटली नाही. कोणाच्याही भावाला वाटली नसती.

आनंदराव टेकाडावर आले ते थेट परातीपाशी बसले. फटीगच्या, म्हणजे अंगमेहनतीच्या कामाला आलेल्या बाकीच्या माणसांबरोबर त्यांनी हात चालवायला सुरुवात केली. मग कणीक तिंबता तिंबता हळूच म्हणाले, “आबा, तुमीच बोलावलं न्हवं मला?”

“मंग काय तुमच्या कंपनी कमांडरला बोलावू, कणीक मळायला?”

ते हसले नाहीत. “बरं केलं,” म्हणाले.

दुपारी साहेबांचा ट्रक आला. तेलाचे डबे उतरले, मैदा उतरला, लाकडं उतरली. लाकडं ओली होती. कालपर्यंत एक ओली ढलपी सापडली तरी साहेब आकाशपाताळ एक करायचे, आणि आज ट्रकभर हिरवी लाकडं त्यांनी स्वतः उतरवून घेतली. मी ट्रकमध्ये चढून कोपरान्‌कोपरा बघितला आणि खाली उतरलो.

“साहेब, कागद कुठाय?”

हल्ल्याच्या पुऱ्या कागदात बांधाव्या लागतात. प्रत्येकाचं वेगळं पुडकं, त्यात पुऱ्या, गुळाचा खडा, मूठभर शंकरपाळे. कागद नसला तर पुऱ्या द्यायच्या कशात, डोक्यावरच्या लोखंडी टोपात? कागद विसरेल असा क्वार्टरमास्टर अजून जन्मायचा होता, आणि दिघे साहेब तर नाहीच नाही.

साहेब मला ट्रकच्या मागं घेऊन गेले. “कागद लागणार नाही,” म्हणाले.

शितावरून भाताची परीक्षा आम्ही लंगरवाले रोजच करतो. ओली लाकडं, उघडं टेकाड, दिवसाची वेळ, आणि आता हे.

“म्हणजे हल्ला नाही,” मी म्हणालो.

“आपला नाही. दुसरी पलटण वर उत्तरेला नदी उतरणार आहे, अंधार पडल्या पडल्या. तिच्या वाटेवरच्या तोफा इकडे वळायला हव्यात.” साहेबांनी पलीकडच्या बांधाकडे मान केली. “ते लोक काही परके नाहीत, महिपती. पंचवीस वर्षांपूर्वी आपण आणि ते एकाच लंगरात जेवत होतो. दिवसा कढया चढल्या म्हणजे काय, हे त्यांना आपल्याइतकंच कळतं.”

“मग ते टेकाडावर गोळे टाकणार.”

“टाकणार. टाकावेत म्हणूनच तर चाललंय.” त्यांनी टेकाडाकडे बघितलं. “कंपन्या खंदकात आहेत, त्यांना फारसं भय नाही. तुम्ही उघड्यावर आहात. तू आणि अजून एक, एवढेच थांबा. धूर अंधार पडेपर्यंत दिसला पाहिजे. मी रिकामे ट्रक घेऊन पुढच्या रस्त्यावर धूळ उडवत फिरणार आहे. आणि हे कोणालाही कळता कामा नये. कंपन्यांना वाटतंय की आज आपलीच पाळी आहे, त्यांना तसंच वाटू दे. एक माणूस वायरलेसवर काही बरळला, तर तिकडे ती पलटण पाण्यात असताना सापडेल.”

मी सलाम केला. दुसरं काय करणार होतो?

टेकाडावर परतलो तेव्हा घोगळे पडक्या वीटभट्टीच्या विटा रचून कढयांसाठी चार भट्ट्या करत होता. शिवराम घोगळे मालवणकडचा, माझा जुना लांगरी. पासष्टच्या लढाईतही आम्ही एकाच चुलीवर होतो. त्याला काही सांगावं लागलं नाही. त्यानं ट्रकमधून उतरलेल्या सामानावर एक नजर टाकली आणि विचारलं, “कागद खंय?”

“नाही आला.”

“येवचो पण नाय?”

“नाही.”

त्यानं ओल्या लाकडांचा ढीग बघितला, पलीकडचा बांध बघितला आणि विटेवर वीट ठेवली. “कितक्या वेळ?”

“अंधार पडेपर्यंत. माझ्याबरोबर एकानं थांबायचंय.”

“मी आसंय मा,” तो म्हणाला. “बाकीची पोरां धाडा खाली. धूर कोणीतरी करूक व्हयो.”

मी बाकीच्या लांगऱ्यांना भांडी देऊन कालव्यात पाठवलं. पीठ मळून झालं, गोळे झाले, फटीगची माणसंही हात झटकून निघाली. आनंदराव मात्र उठले नाहीत.

“आनंदराव, काम झालं. आता कंपनीत जावा.”

“मी हितंच थांबतो की, आबा. कढई सांभाळतो.”

“नको. माणसं हायत.”

“कुठं हायत? सगळी तर धाडलीसा.”

ऊन उतरायला लागलं होतं. घोगळेनं पहिली भट्टी पेटवली आणि ओल्या लाकडांचा पांढरा धूर सरळ वर चढला. मला आता प्रत्येक क्षण जड व्हायला लागला. मी आवाज चढवला. “हुकूम हाय. उठा.”

आनंदरावांनी माझा हात धरला. त्यांचा हात पिठानं माखलेला होता. “आबा, मला माघारी धाडू नगा. तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू, मला भ्या वाटतंय. याच्या आधी कधी वाटलं न्हवतं. लेकीचं तोंड बघितलं न्हाई अजून. एक रात ठेवून घ्या, हौसासाठी तरी.”

ह्या माणसाला खंदक म्हणजे मरण वाटत होतं आणि हे टेकाड म्हणजे जगणं. होतं बरोबर उलटं. दोन शब्द बोललो असतो तर तो धावत खंदकात गेला असता. पण ते दोन शब्द त्याच्याबरोबर खंदकात गेले असते, तिथून शेजारच्या खंदकात, आणि तिथून कुठं कुठं, कोणी सांगावं? दुसऱ्या पलटणीतही कोणाच्या तरी बहिणींचे मालक होतेच.

तेवढ्यात मागून घोगळे बोलला, मुद्दाम मोठ्यानं. “हो काय बायलेच्या पदराखाली लपाक इलो? हवालदारानू, तुमचो जावई पुरी लाटूक बरो. बंदूक दुसऱ्याक द्या.”

आनंदराव ताडकन उभे राहिले. मी घोगळेकडे बघितलं. तो कढईत तेल ओतत होता, पण त्यानं भुवई उडवून मला खूण केली. मग माझ्या ध्यानात आलं. रागावलेला माणूस थांबत नाही.

“ऐकलंस का, आनंदा?” मी म्हणालो. आयुष्यात एकदाच मी घरच्या जावयाला अरे-तुरे केलं, ते तेव्हा. “तुझ्यापरीस माझा लांगरी बरा. चल नीघ. भित्र्या माणसाच्या हातची कणीक माझ्या लंगरात चालत न्हाई. माझ्या भणीला पळपुटा मिळाला, हे गावाला सांगायची पाळी माझ्यावर आणू नगंस.”

त्याचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला. त्यानं हाताची कणीक खरवडून जमिनीवर टाकली, बंदूक उचलली.

“बरं हाय,” तो म्हणाला. “तुमी दोघं जळा ह्याच भट्टीत. अन्‌ माझ्या मड्यावर बसून पुऱ्या खावा.”

तो टेकाड उतरून गेला, एकदाही मागं न बघता. घोगळे त्याच्या पाठीकडे बघत एक वाक्य बोलला, हसला, आणि पहिली पुरी तेलात सोडली.

आम्ही चारही भट्ट्या पेटवल्या. मी लाकडं सारायचो, तो तळायचा. मी म्हटलं, “अरे, नुसता धूर केला तरी चालंल. तळतोस कशाला?” तो म्हणाला, “पीठ मळलेला आसा. टाकून दिवचा?” त्याचंही खरं होतं. पुऱ्या टम्म फुगत होत्या, टोपलं भरत होतं, आणि आम्ही दोघं मधूनमधून बांधाकडे बघत होतो. पलीकडे काही हलत नव्हतं. एक वेळ तर अशी आली की मला वाटलं, त्यांना आमची पुऱ्यांची भाषा कळलीच नाही. तसं झालं तर आम्ही वाचत होतो, आणि उत्तरेची पलटण बुडत होती. काय मागावं देवाजवळ, ते मला समजेना.

मग पहिला गोळा आला. आमच्या डोक्यावरून जाऊन मागच्या उसात पडला. आम्ही खंदकात उडी टाकली. दुसरा अलीकडे, नदीच्या वाळूत पडला. “कळलां तेंका,” घोगळे म्हणाला. कान बधिर झाले होते, त्याचे ओठ बघून मला कळलं.

त्यानंतर नुसता भडिमार. टेकाडावर, रस्त्यावर, कालव्यावर, खंदकांच्या रांगेवर. दोन गोळ्यांमधल्या उसंतीत आम्ही आळीपाळीनं वर जात होतो आणि मिळेल ती लाकडं भट्ट्यांत कोंबून परत खंदकात येत होतो. एक भट्टी ढासळली. तेल सांडून भडका उडाला आणि धूर आणखी काळा झाला. सूर्य टेकला होता, पण उजेड जाता जात नव्हता. एवढा चिवट उजेड मी पुन्हा पाहिला नाही.

मी वर जाऊन आलो आणि खंदकात बसून धापा टाकत होतो. घोगळेनं डोकं वर काढून बघितलं. “कडेची भट्टी इझता हा,” म्हणाला.

“राहू दे आता. अंधार झालाच.”

“अजून दिसता मा माका तुमचा तोंड,” तो म्हणाला. “म्हणजे तेंकाय धूर दिसता. आता माजी बारी.”

तो वर गेला. गोळा भट्टीपाशीच पडला.

मी त्याला ओढत खंदकात आणलं, पण तो तेव्हाच संपला होता. त्याच्या हातात झारा तसाच होता. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. बऱ्याच वेळानं उत्तरेकडून गडगड ऐकू आली. आमच्यावरच्या तोफा एकाएकी थांबल्या आणि तिकडे वळल्या, पण तोपर्यंत काळोख झाला होता. ती पलटण नदी उतरली होती.

सकाळी घोगळेला खांदा द्यायला चार्ली कंपनीतून माणसं आली, त्यांत आनंदराव होते. कंपन्यांत माणसं जखमी झाली होती, पण दगावलं कोणी नव्हतं. आनंदरावांनी खांदा दिला, माती दिली, आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. वाचलेल्या पुऱ्या मी पलटणीला वाटल्या. त्यांत वाळू होती. कोणी तक्रार केली नाही.

लढाई संपली. मी मालवणला जाऊन घोगळेच्या आईला भेटून आलो. मग पेन्शनीवर गावी आलो, मागोमाग आनंदरावही आले. पण माझ्याशी त्यांनी बोलणं टाकलं ते टाकलंच. भाऊबीजेला मी हौसाकडे गेलो की हे रानात. बाजारात समोर आलो की हे दुसऱ्या गल्लीत. हौसा विचारायची, “दादा, तुमच्यात झालं तरी काय?” काय सांगणार? तुझा नवरा भ्याला होता, हे मी तिला सांगणार नव्हतो. आणि त्याला स्वतःहून समजवायला जाणं माझ्या स्वभावात नाही. मी मनाशी म्हणायचो, जिवंत आहेस ना, मग बस रुसून. माझी खात्री होती की त्या दिवशीचं पळपुटा म्हणणं त्यांच्या काळजात रुतलंय आणि ते मला कधी माफ करणार नाहीत.

पोस्टकार्डातली ती मुलगी, कुसुम, लग्नाला आली. मी मामा, जाऊन उभं राहणं भाग होतं. लग्नाच्या सकाळी मंडपामागं पुऱ्यांची कढई चढली होती. माझी खोड मला गप्प बसू देईना, म्हणून मी आचाऱ्याजवळ बसून त्याच्या कणकेत चुका काढत होतो. कोणीतरी शेजारी येऊन बसलं. बघतो तर आनंदराव, नवा फेटा बांधलेले. ते कढईकडेच बघत होते.

“आबा.”

“बोला, आनंदराव.”

“त्या दिवशी मी जाताना जे बोललो, ते घोगळ्यानं ऐकलं व्हतं का?”

“ऐकलं की. केवढ्यांदा बोललासा.”

त्यांची मान खाली गेली. “मी खंदकातनं बघत व्हतो. टेकाड पेटलं. मी म्हनलो जळा, अन्‌ तसंच झालं. माझ्या तोंडानं गेला त्यो. तुमाला कुठल्या तोंडानं भेटणार व्हतो मी?”

इतकी वर्षं मी ज्याला राग समजत होतो, तो राग नव्हताच. हा माणूस एक मडं खांद्यावर घेऊन हिंडत होता, आणि ते उतरवून ठेवायला मी एकदाही सांगितलं नव्हतं.

मग मी सगळं सांगितलं. कागद आला नव्हता ते, ओल्या लाकडांचं, साहेब ट्रकमागं काय बोलले ते. तुम्हाला हाकलायची युक्ती घोगळेचीच होती, हेही सांगितलं.

“तुमी शिव्या घातल्या अन्‌ टेकाड उतरलासा,” मी म्हणालो, “तवा तुमच्या पाठीकडं बघून त्यो म्हनला, ‘तो गाळी देत गेलो, म्हणजे आता परत येवचो नाय.’”

आनंदराव माझ्याकडे वळले. “अन्‌ मंग?”

“मंग हसला. अन्‌ पुरी सोडली तेलात.”

“हसला?”

“हसला.”

मंडपात वाजंत्री सुरू झाली. मुलीच्या बापाला कोणीतरी हाका मारत होतं. आनंदरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. त्यांनी माझा हात धरला, टेकाडावर धरला होता तसाच.

“पुन्यांदा सांगा, आबा,” ते म्हणाले. “त्याच्याच बोलीत.”

मी पुन्हा सांगितलं.